खडूनं रंगवलेला वळू

संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांना मुक्या प्राण्यांच्या मायेबद्दल काहीतरी हळवं हवं होतं. "मॅडम, सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात काढलीत, त्यांचे डोळे काय बोलतात ते लिहा ना." जनावरांचे डोळे काही बोलत नाहीत. मालक बोलतात, आणि बोलू नये ते बोलतात. माया मला फार बघायला मिळाली नाही. जनावर चांगलं दिसावं म्हणून माणूस काय काय सोंगं करतो, ते मात्र पोटभर बघितलं. ज्यांना दिवाळीत हळवं वाचायचं असेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं, तिथं कविता असतील.

मी पशुधन विकास अधिकारी. नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आलटून पालटून झाली. लोक तोंडावर मॅडम म्हणायचे, पाठीमागं ढोरांची डॉक्टरीण. दवाखान्याच्या कामाशिवाय दरसाल माझ्या गळ्यात एक धोंड पडायची, ती म्हणजे पशुप्रदर्शनातल्या परीक्षकाची. परीक्षक होणं म्हणजे एकाला बक्षीस देऊन अख्ख्या तालुक्याची दुष्मनी घेणं. त्यामुळं त्या आठवड्यात आमच्या पुरुष अधिकाऱ्यांच्या तब्येती नेमक्या बिघडायच्या. कुणाला कावीळ, कुणाच्या सासूला लकवा. राहायची मी.

बाहेरच्या लोकांना वाटतं, गाय-बैल काय, एक बघितला की सगळे बघितले. तसं नसतं. नांदेडकडं, कंधार-मुखेडच्या भागात लाल कंधारी. ती अंगभर एकच लाल पाहिजे. वळू गडद, गाय जरा फिकी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. अंगावर पांढरा ठिपका दिसला की गुण गेले. लातूर-उदगीरकडच्या देवणीचं अगदी उलट. देवणीत तीन तऱ्हा. सगळं अंग पांढरं आणि काळं फक्त तोंडाच्या बाजूंना, तो वानेरा. अंग पांढरं आणि पोटाकडच्या खालच्या अंगाला काळे ठिपके, तो बाळंक्या. आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग, तो शेवरा. तिन्ही अस्सल, तिन्ही सारखे मानाचे. डाग केवढा आणि कुठं याला महत्त्व नाही. काळ्या-पांढऱ्याची कड स्वच्छ पाहिजे, मध्ये भुरकट काही नको, आणि केस बाजूला सारले की खालची कातडी काळी पाहिजे. त्यानंतर फुगीर कपाळ, लोंबते कान, गळ्याखालची पोळी, खूर, चाल. एकूण गुणांत रंगाचा वाटा थोडा. भांडणं मात्र सगळी रंगावरून.

कारण रंग लावता येतो. चाल कशी लावणार? लाल कंधारीला गेरू, मेंदी, डोळ्यांना खरोखरचं काजळ. देवणीच्या खुरांना बूटपॉलिश. शिंगं काचेनं तासून तेल चोळलेली. ज्याच्या स्वतःच्या मिशीला कलप, असा माणूस येऊन मला सांगणार, "मॅडम, कलर एकदम नॅचरल आहे." म्हणून मी भांडून एक नियम करून घेतला. मैदानात आलेल्या प्रत्येक जनावराला आधी ओलं फडकं फिरवायचं. फडक्याला रंग लागला की जनावर बाद. सबब चालणार नाही. या नियमानं मी जितके शत्रू कमावले तितके एखादा आमदारही पाच वर्षांत कमावत नसेल.

आणखी एक. बैलाची जात तपासणाऱ्या माणसाची जात तपासल्याशिवाय आमच्याकडं लोकांना चहा गोड लागत नाही. "मॅडम मूळ कुठल्या?" "बिलोलीच्या." "बिलोलीत कोण?" मी आडनाव सांगायची. मग "असं असं का, बरं बरं," आणि कपबशी सावकाश खाली. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. वडील तहसिलीत शिपाई झाले. मी जिवंत ढोरं तपासायची पदवी घेतली. एवढा आमचा खानदानी इतिहास, तो मी कुणालाही मोठ्या आवाजात सांगते.

भूकंप झाला तेव्हा माझी बदली लातूरकडं होती. सकाळी निरोप आला, जीपमध्ये कोंबून आम्हाला किल्लारीच्या बाजूला नेलं. साहेबांनी तिथंच कामं वाटली. कुणाला चारा, कुणाला औषधं, आणि मला मेलेल्या जनावरांची विल्हेवाट. "तुम्हाला जमेल," म्हणाले. का जमेल ते बोलले नाहीत. मला काय समजायचं ते समजलं, आणि असा संताप आला की त्यांच्याच जीपखाली त्यांना घालावं. पण काम खोटं नव्हतं, कुणीतरी करायलाच हवं होतं. मी केलं.

दगडामातीची माळवदाची घरं होती ती, जाड भिंतींची. त्या भिंतींनीच माणसं घेतली. एका गावात, ढिगाऱ्याच्या कडेला खळ्यात, पंचविशीचा एक गडी गायीचं शेपूट धरून बसला होता. त्याचं नाव अंकुश. गाय रात्रीपासून अडलेली. तिच्यासाठी म्हणून तो खळ्यात होता, म्हणून वाचला. बायको तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी गेली होती, त्याही वाचल्या. आई-बाप घरात होते.

"बाई, माय-बाप आत हायत," तो मला म्हणाला. "लोकं काढून राहिले. मला म्हनले, तू तुझं बघ. आता माझं म्हंजी ही एकच राहिली."

वासराचा पुढचा पाय आत मुडपलेला होता. मी बाह्या वर करून तिथंच मातीत बसले. ते चालू असताना साहेब आले आणि मागं उभे राहून ओरडले, "इथं माणसं मरून पडलीत आणि मॅडम बाळंतपणं करून राहिल्यात!" मी मागं वळून बघितलंही नाही. हात गायीच्या पोटात असताना वरिष्ठांना उत्तर द्यायचा प्रघात आमच्या खात्यात नाही. पाय सरळ झाला, वासरू आलं. कालवड होती. अंगभर काळे डाग, ओल्या अंगावरही कड अशी स्वच्छ की मला भूकंप विसरून क्षणभर आनंद झाला. अंकुशनं तिला आपल्या धोतरानं पुसलं आणि तेव्हा कुठं तो रडायला लागला.

पुढं त्या भागात दयाळू माणसांचा नुसता पूर आला. त्यांनी पत्र्याच्या घरांपुढं विलायती रक्ताच्या गाया आणून बांधल्या, हार घातले, फोटो काढले. त्या गायींना मराठवाड्याचं ऊन माहीत नव्हतं आणि देणाऱ्यांना गाय माहीत नव्हती. उन्हाळा संपेपर्यंत त्यांतल्या कितीतरी माझ्याच हातून गेल्या. अंकुशनं दान घेतलं नाही, आपली कालवड वाढवली. गाय म्हातारी होऊन गेली, कालवडीला पुढं एकच गोऱ्हा झाला, मग ती गाभण राहिलीच नाही. तोही शेवरा. अंकुशनं त्याचं नाव शंकऱ्या ठेवलं.

तोपर्यंत लातुरात दुसराच भूकंप झाला होता. गल्लोगल्ली क्लास. डाळ मिलचं गोदाम रिकामं झालं की त्यात बाकडी. नाक्यानाक्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, एकाच मापाचे, एकाच भांगाचे. अंकुशचा मेव्हणा त्यातलाच एक, फिजिक्सचा सर. त्याच्या सगळ्या अकलेचं सार एका वाक्यात होतं: मागच्या वर्षी काय आलं ते बघा आणि तेच पाठ करा. अंकुशची लेक पुढं त्याच्याच घरी राहून शिकायची होती, त्यामुळं सर म्हणेल ते अंकुशला ऐकावं लागायचं.

शंकऱ्या साडेतीन-चार वर्षांचा झाला तेव्हा प्रश्न आला. अंकुशच्या दोन बैलांपैकी एक गेला होता. न जुंपलेला वळू दावणीला पोसणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि मोकळा सोडला तर लोकांच्या पिकात शिरणार. म्हणजे शंकऱ्याला ठेचून बैल करणं आलं. ठेचणं म्हणजे आमच्या भाषेत खच्चीकरण. एक वाट मात्र होती. त्या साली असं ठरलं होतं की प्रदर्शनात जो देवणी वळू पहिला येईल तो आसपासच्या गावांसाठी वळू म्हणून ठेवायचा. तो मालकाच्याच दावणीला राहील, वैरण-पेंड सरकारकडून.

प्रदर्शनाच्या आधी अंकुश दवाखान्यात आला. म्हणाला, "बाई, ह्यो पयला आला तर त्या रातच्या गायीचा वंश ऱ्हाईल. न्हाईतर माझ्याच दावणीला बुडंल."

मी म्हटलं, "घासून धुऊन आणा, बास. बाकी काही करू नका." माझ्या मते मी पुरेसं स्पष्ट बोलले होते.

प्रदर्शन दोन्ही जिल्ह्यांचं मिळून होतं. सकाळी लाल कंधारीची रांग. त्यात एका भाऊसाहेबांचा वळू. भाऊसाहेब म्हणजे गळ्यात सोनं, मागं दहा माणसं, आणि मैदानात माईक हातात आला की सोडायचे नाहीत. वळू लालभडक, कुंकवाच्या करंड्यातून काढल्यासारखा. मी फडकं फिरवलं, फडकं लाल. "घाम आहे तो," भाऊसाहेब म्हणाले. मी म्हटलं, "लाल घाम येत असेल तर याला दवाखान्यात आणा, हा आजारी आहे." मागचं बघावं म्हणून शेपटीला हात घातला, तर झुपकेदार गोंडा सबंध माझ्या हातात आला. कुण्या दुसऱ्याच जनावराचे केस दोऱ्यानं बांधले होते. अख्खं मैदान हसलं. मी गोंडा भाऊसाहेबांच्या हातात दिला आणि वळू बाद केला. ते गेले नाहीत. मंडपात खुर्ची टाकून बसले, माझी चूक कधी होते ते बघत.

दुपारी देवणीची रांग. अंकुश शंकऱ्याला घेऊन आला आणि मी ओळखलंच नाही. गडी नवं धोतर नेसलेला आणि जनावर पांढरंशुभ्र, चुना दिलेल्या भिंतीसारखं. तोंडाच्या बाजू तेवढ्या काळ्या सोडलेल्या. शेजारी मेव्हणा, इन्शर्ट, खिशाला दोन पेन, चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचं समाधान.

मी हळूच विचारलं, "अंकुशराव, हे काय केलंत?"

त्याच्याऐवजी मेव्हणाच बोलला. "मॅडम, गेल्या वर्षी पहिला कोण आला? पांढरा. त्याच्या आधीच्या वर्षी? पांढरा. परीक्षकाला काय हवं ते कळायला पाहिजे. या डागाडागाच्याला कोण नंबर देतो?"

गेली दोन वर्षं वानेरे पहिले आले, कारण त्या त्या वर्षी ते चांगले होते. या शहाण्यानं मात्र त्यातून ठरवलं की डाग म्हणजे चूक आणि पांढरं म्हणजे बरोबर उत्तर. क्लासमधले खडू कुटून, डिंकाच्या पाण्यात कालवून त्यानं दोन हात दिले होते. अरे गाढवा, ज्या डागांसाठी मी त्या जनावराला सगळ्यांच्या वर ठेवलं असतं, तेच तू पुसलेस! पदव्या दोन, अक्कल मात्र खडूच्या डबीत. हे मी त्याला तिथंच तोंडावर म्हणाले, आजही म्हणते.

फडकं फिरवायची गरजच नव्हती. तरी फिरवलं. पांढरं झालं.

मग मी बादली मागवली आणि स्वतः शंकऱ्याला धुवायला लागले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. खडूचं पाणी खाली ओघळत गेलं आणि खालून जनावर वर आलं. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर काळे डाग, एकासारखा दुसरा नाही, आणि प्रत्येकाची कड सुरीनं कापल्यासारखी. केस सारले तर खाली कातडी काळीशार. कपाळ फुगीर, पोळी लोंबती. मी त्याला चालवलं. चाल सरळ, मोकळी. इतका चांगला शेवरा मी आधी बघितला नव्हता, आणि नंतरही नाही.

माझ्याबरोबरचे दुसरे परीक्षक, निवृत्तीला टेकलेले साधे गृहस्थ, कानाशी आले. "धुतला ना आता? झालं. द्या पहिला नंबर, कोण विचारतंय."

विचारणारा मंडपात बसला होता. भाऊसाहेब उठून उभे राहिले. "मॅडम, द्या की! आम्हाला गेरू चालत नाही, ह्यांना खडू चालतो. का तुमच्यातला कुणी हाय?"

अंकुश माझ्यातला नव्हता. पण असता तरी फडक्याचं उत्तर तेच आलं असतं. मी वहीवर आडवी रेघ मारली आणि मोठ्यानं म्हटलं, "बाद." अंकुशनं मान खाली घातली. शंकऱ्या माझ्या ओल्या हाताला चाटत होता. लोक मला अजून विचारतात, एवढी कशाला ताठलात. सकाळी एकाला बाद करून दुपारी दुसऱ्याला सोडलं असतं तर पुढच्या वर्षी सगळा जिल्हा रंगून आला असता. आज तो प्रसंग आला तर आजही मी तेच करीन. त्यानं पोटातलं दुखणं कमी होत नाही, हेही खरं.

पहिला नंबर एका तुपावर पोसलेल्या वानेऱ्याला गेला. दुसऱ्या परीक्षकांनी दिला, मी मान डोलावली. दिसायला देखणाच होता. गावोगावच्या गायी त्याच्याकडं आणल्या गेल्या आणि त्यानं बसल्या जागी रवंथ केला. वजनच इतकं की त्याला उठायचाच कंटाळा.

पेरणीच्या आधी अंकुश शंकऱ्याला घेऊन दवाखान्यात आला. मी बघताक्षणी म्हटलं, "थांबा थोडं. मी वर लिहिलंय. असा शेवरा वळू या भागात दुसरा नाही, म्हणून कळवलंय."

"काय उत्तर आलं?"

"अजून आलं नाही."

"बाई, पाऊस उत्तराची वाट बघत न्हाई. एका बैलावर म्या कसं पेरू?"

"मग दुसरीकडं न्या. मी ह्याला खच्चीकरणाचा चिमटा लावणार नाही."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं शंकऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दुसरीकडं म्हंजी गावात. गावात दगडानं ठेचतात, तुम्हाला ठावं हाय. तुम्हीच बाद केलाव, बाई. आता हालहाल तरी होऊ देऊ नका."

मी चिमटा कपाटातून काढला. अंकुशला म्हटलं, बाहेर थांबा. तो थांबला नाही, शंकऱ्याचं डोकं छातीशी धरून उभा राहिला. काम नीट झालं. सूज आली नाही, जखम नाही. माझ्या हातचं काम नीटच होतं.

वरून उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. बऱ्याच दिवसांनी खात्याकडून एक नळकांडं आलं. आत भिंतीवर लावायचा रंगीत तक्ता, चांगल्या जाड कागदाचा. सगळ्या दवाखान्यांत लावायचा, शाळांना दाखवायचा, आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांनी यापुढं त्यावरून जनावर पारखायचं, असा हुकूम सोबत. मी तक्ता उलगडला. वर मोठ्या अक्षरात 'आदर्श देवणी वळू: शेवरा', आणि खाली शंकऱ्या. कुणी फोटोवाला गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेला थांबला असणार. जू सोडलेलं होतं, पण मानेवरचा घट्टा स्पष्ट दिसत होता. मागचा भाग तुरीच्या आड गेलेला. बाण काढून प्रत्येक लक्षण दाखवलं होतं: डागांची स्वच्छ कड, काळी कातडी, फुगीर कपाळ. सगळं बरोबर. फक्त वळू नव्हता, बैल होता. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, छापून झालंय. आणि कळतंय कुणाला?"

मी तक्ता लावला. हुकूम होता.

लसीकरणाच्या वेळी अंकुश त्याची जनावरं घेऊन आला. बाहेर रांग होती, म्हणून सावलीला आत आला आणि भिंतीपुढं उभा राहिला. वाचता येत होतं त्याला. वरची अक्षरं बोट न लावता, ओठ हलवत वाचली. मग हसला.

"बाई, इथं तर पास केलाय की ह्याला."

मी सिरिंज भरत राहिले. मग त्यानं, अगदी साधेपणानं, माहिती विचारावी तसं विचारलं, "हे बघून कुणी ह्याचं वासरू मागाय आलं, तर काय सांगता?"

दोन जिल्ह्यांत माझ्या तोंडाला लागायला लोक घाबरायचे. मी दाराकडं बघून म्हटलं, "पुढचं जनावर आणा."